झाकणाला चमचा असलेली डबी

लॅबमधल्या मुलीने डबी काउंटरवर ठेवली आणि मी ती चटकन ओढणीखाली घेतली. डबी रिकामी होती. पारदर्शक, लाल झाकणाची, आणि झाकणाला आतून जोडलेला एक इवलासा चमचा. तिच्यात अजून काहीही नव्हतं, तरी मला वाटलं, बाकड्यांवर बसलेली सगळी माणसं माझ्याकडेच बघताहेत. रक्त द्यायला आपण बिनधास्त बाही वर करतो. लघवीच्या बाटलीचंही आता कुणाला फारसं काही वाटत नाही. पण शौचाचा नमुना म्हटलं की भल्याभल्यांचा आवाज खाली जातो.

माझाही गेला होता. त्या लाजेमुळे माझं निदान लांबलं, आणि त्या मधल्या काळात आमच्या घराने मनातल्या मनात मला निरोप द्यायला सुरुवातही केली होती. आज मी ठणठणीत आहे. त्यामुळे जे सांगायचं ते न लाजता सांगणार आहे. वाचताना ज्यांना कसंतरी होईल त्यांनी आधी चहा पिऊन घ्यावा.

दम

दिंडोरी रोडला, म्हसरूळ सोडून थोडं पुढे गेलं की डाव्या हाताला आमची नर्सरी लागते. द्राक्षाची कलमं हे मुख्य काम. शिवाय टोमॅटो-मिरचीची रोपं, आणि रस्त्याच्या बाजूला शहरातल्या गिऱ्हाइकांसाठी गुलाब, मोगरा. माझा नवरा दिलीप अंबडच्या एका कंपनीत सुपरवायझर आहे. नर्सरी माझी. सासऱ्यांनी दिलेल्या पडीक तुकड्यावर मी ती उभी केली आणि तिथल्या मातीत कायम अनवाणी वावरले. ओल्या वाफ्यात चप्पल रुतते. आणि खरं सांगायचं तर मला पायाखाली माती लागलेली आवडायची. बोटांच्या बेचक्यात खाज यायची, बारीक पुरळ उठायचं. चिखल्या झाल्या असतील म्हणून मी खोबरेल तेल लावायची आणि विसरून जायची.

दम लागायला कधी सुरुवात झाली ते सांगता येत नाही. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. पहिल्या मजल्यावर पोचले की मी पर्समध्ये किल्ली शोधायचं नाटक करायला लागले. किल्ली हातात असायची, तरी शोधायची. मग कानात ठोके ऐकू यायला लागले. उशीला कान टेकवला की आतून कुणी मुसळाने कांडतंय असं वाटायचं. तांदूळ निवडायला बसले की मूठ मूठ कच्चे तांदूळ तोंडात जायचे. पाणी घातलेल्या कुंडीचा वास आला की जिभेला पाणी सुटायचं. हे मी कुणाला बोलले नाही. सेहेचाळीस वर्षांच्या बाईला माती खावीशी वाटते, हे कुणाला सांगणार?

शेवटी माझ्या मुलीने, तेजलने, एका सकाळी मला खिडकीशी उभं केलं. ती कॉमर्सला आहे, डॉक्टरकीशी तिचा काही संबंध नाही. पण बघता तर येतं.

"आई, तुझे ओठ कणकेसारखे दिसताहेत."

"ऊन लागलं असेल."

"उन्हाने माणूस काळा पडतो गं, पांढरा नाही."

तिने हट्टाने रक्त तपासायला लावलं. रिपोर्ट घेऊन मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कागद पाहिला, मग मला पाहिलं, मग पुन्हा कागद.

"कशा आलात?"

"स्कूटीवर."

"कोण चालवत होतं?"

"मीच."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सुनंदाताई, ज्याच्या अंगात एवढंच रक्त असतं त्याला आम्ही स्ट्रेचरवरून आणतो. गाडी इथेच राहू द्या. मिस्टरांना बोलवा." हिमोग्लोबिन पाचच्याही खाली होतं.

आईची आठवण

त्याच दिवशी हॉस्पिटलमध्ये भरती केलं. रक्ताची पिशवी टांगली गेली आणि थेंब थेंब दुसऱ्या कुणाचं तरी रक्त माझ्यात यायला लागलं. कुणाचं ते कळायची सोय नाही. पण तो माणूस त्या आठवड्यात माझ्या प्रत्येक प्रार्थनेत होता, हे त्याला कळायला हवं होतं असं मला अजून वाटतं.

रक्त भरणं सोपं होतं. ते गेलं कुठे हा प्रश्न होता. पाळी नियमित होती, फार जात नव्हती. कुठे जखम नाही, मार नाही. मग शौचाच्या रिपोर्टची वाट बघायचं ठरलं. तेजलने रक्त तपासायला लावलं तेव्हाच घराजवळच्या एका कलेक्शन सेंटरवर मी तो नमुनाही देऊन आले होते, ओढणीखालच्या त्याच डबीतून. त्याचे दोन रिपोर्ट आले. जंत, जंतांची अंडी: आढळली नाहीत. डोळ्यांना न दिसणारं रक्त: आढळलं.

दुसरी ओळ वाचून दिलीपने कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. आम्ही दोघंही एकच गोष्ट आठवत होतो. माझी आई आतड्याच्या कॅन्सरने गेली. तिलाही आधी थकवाच आला होता. तीसुद्धा अशीच पांढरी पडत गेली होती, आणि आम्ही तिला बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे खायला घालत बसलो होतो.

"सगळ्यांना तसंच होतं असं नाही," दिलीप म्हणाला. तो संत्रं सोलत होता. एक एक फोड सोलून ताटलीत ठेवत गेला, शिरा काढत बसला, आणि ताटली भरली तरी मला दे म्हणायचं त्याला सुचलं नाही.

मी मात्र कामाला लागले. माझा स्वभावच तसा आहे. भीती वाटली की मी यादी करायला घेते. पलंगाशी तेजलला बसवून मी तिला सांगायला सुरुवात केली: कोणत्या बागायतदाराला कोणतं कलम कबूल केलंय, कलमांचे डोळे भरणारी माणसं कुणाकडून बोलवायची, ठिबकचा कुठला व्हॉल्व्ह अडकतो. ती मोबाइलमध्ये लिहून घेत होती. मधेच थांबली.

"हे तू मला का सांगतेस?"

"सुट्टीवर आहे ना मी. तोवर तू बघ."

"आई, सुट्टीवर जाणारं माणूस असं सांगत नाही."

पलीकडच्या खाटेवरच्या आजी बघत होत्या. त्यांनी काही न विचारता आपल्या डब्यातली भाकरी मोडून अर्धी माझ्या ताटात ठेवली. हॉस्पिटलात माणसं असं बोलतात.

आतड्यात दुर्बीण घालून तपासायची तारीख ठरली.

मोहरीएवढं

फिजिशियन डॉक्टर सकाळी राऊंडला यायचे. शांत माणूस, कमी बोलणारे. त्या दिवशी ते माझी फाईल हातात घेऊन नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे राहिले.

"तुमच्या रक्तात एका प्रकारच्या पेशी वाढलेल्या दिसताहेत. ॲलर्जीत वाढतात, जंतांतही वाढतात. काम काय करता?"

मी नर्सरीचं सांगितलं. त्यांनी चादर बाजूला करून माझी पावलं पाहिली. भेगा, आणि बेचक्यातले खाजवल्याचे काळे डाग.

"तिथे चप्पल घालता?"

"नाही."

"शौचाचा नमुना दिला होता तो कसा दिला होतात?"

मी तेजलकडे पाहिलं, तेजलने खिडकीबाहेर. "दिला होता, नेहमीसारखा," मी म्हणाले.

"नेहमी देता का तुम्ही?" ते पहिल्यांदाच हसले. "दुर्बिणीची तपासणी ठरलीय तशी राहू दे. त्याआधी हे पुन्हा करू. या वेळी इथल्या लॅबमध्ये, ताजं."

तासाभराने लॅबच्या मॅडम स्वतः वॉर्डात आल्या. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, आणि आवाज असा की मागच्या बाकावरच्या पोरालाही ऐकू जावा. पॅथॉलॉजिस्ट म्हणजे तळघरात बसून सही करणारं कुणीतरी, अशी माझी समजूत होती.

"शौचाचा नमुना किती दिला होता?" त्यांनी विचारलं. सगळ्या वॉर्डने मान वळवली.

"थोडासा," मी पुटपुटले.

"थोडासा म्हणजे?"

"मोहरीएवढा."

"मोहरीएवढ्यात मी काय शोधू हो? पाणी लागलं होतं?"

लागलं होतं. भांड्यात पडलेलं, फ्लशच्या पाण्यात भिजलेलं, नाक दाबून, डोळे मिटून चमच्याच्या टोकावर घेतलेलं. सकाळी दिलं होतं. तिथून ते गाडीने लांबच्या कुठल्याशा लॅबला गेलं आणि संध्याकाळी पोचलं. हे सगळं मी त्यांना खाटेवर बसून सांगितलं. मला वाटलं त्या रागावतील. त्या खाटेच्या कडेवर बसल्या.

"बहुतेक जण हेच करतात. लाजेने कमी आणतात, लाजेने लांब ठेवतात, मग आम्हाला काही दिसत नाही आणि पेशंट म्हणतो रिपोर्ट नॉर्मल आहे. नॉर्मल नसतो, त्यात काही सापडलेलं नसतं, एवढंच. आता ऐका. कोरड्या भांड्यात करायचं. पाणी नाही, लघवी नाही. चमच्याने दोन-तीन जागचं घ्यायचं आणि चमचा भरून घ्यायचा. झालं की लगेच खाली पाठवायचं, वाट बघत ठेवायचं नाही. आज नाही दिसलं तर एक दिवस सोडून पुन्हा. तरीही नाही तर पुन्हा. अंडी रोज सारखी पडत नाहीत."

"आणि लाज?" पलीकडच्या आजींनी विचारलं.

"ती माझ्याकडे द्या. मी जन्मभर हेच बघत आले, माझी केव्हाच संपली."

वॉर्डातल्या बायका हसल्या, आणि मीही. पुष्कळ दिवसांनी पोट हलेपर्यंत हसले, आणि त्या हसण्याने दम लागला तेव्हा त्याचं भय वाटलं नाही.

दुसऱ्या सकाळी मी नमुना नीट दिला. मॅडमनी सांगितलं होतं तसाच, चमचा भरून. डबी सिस्टरच्या हातात देताना झाकली नाही. आता तोंड लपवायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं. कॅन्सर निघाला तर निघाला. पण माझ्या लाजेमुळे काही राहून गेलं असं व्हायला नको होतं.

काचेखाली

दुपारी मॅडमचा निरोप आला. अंडी सापडली होती. सिस्टरने सांगितलं, डॉक्टर संध्याकाळी येऊन समजावतील.

"मला बघायची आहेत," मी म्हणाले.

"काय?"

"अंडी. मॅडमना विचारा ना."

मॅडम म्हणाल्या, पाठवा. तेजलने व्हीलचेअर ढकलत मला खाली नेलं. लॅब छोटीच होती, तीव्र वासाची, पण लख्ख. एका बाजूला बारक्या बाटल्यांची रांग होती, आणि प्रत्येकीच्या तोंडावर काचेची पट्टी ठेवलेली.

"हे काय आहे?"

"मिठाचं पाणी. मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घातलेलं," मॅडम म्हणाल्या. "त्यात शौच कालवलं की घाण खाली बसते आणि हलकी अंडी वर तरंगून काचेला चिकटतात. सरळ काचेवर घेतलं असतं तरी तुमची दिसलीच असती म्हणा. भरपूर आहेत."

मी खुर्चीतून उठून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आधी नुसता धुरकट पिवळा उजेड दिसला. मॅडमनी एक चक्री हळूच फिरवली आणि ते समोर आलं.

लांबट गोल. कवच इतकं पातळ की काचेवर पेन्सिलीने रेघ ओढल्यासारखं. आत चार राखाडी गोळे एकमेकांना बिलगून बसलेले, आणि त्यांच्याभोवती स्वच्छ, रिकामी जागा. बाजूला आणखी एक. वर आणखी दोन. मी रोपांवर जगणारी बाई. रुजायच्या तयारीतलं काही असलं की मला कळतं. हे रुजायच्याच तयारीत होतं.

"अंकुशकृमी," मॅडम म्हणाल्या. "मोठे जंत तुमच्या आतड्याला तोंडाने धरून बसलेत आणि रक्त पिताहेत. ते इथे दिसत नाहीत. त्यांची ही अंडी बाहेर येतात. ओल्या मातीत ती फुटतात, त्यातून अळी निघते, आणि अनवाणी पावलातून ती आत शिरते. शिरते तिथे खाज सुटते."

मी माझ्या पावलांकडे बघितलं नाही. मला दुसरंच विचारायचं होतं.

"मॅडम, माझी आई आतड्याच्या कॅन्सरने गेली."

त्यांना ते माहीत असावं. त्यांनी आपली खुर्ची माझ्याकडे वळवली. "तुमचं रक्त कुठे जातंय ते मला या काचेवर दिसतंय. एवढी अंडी असतील तर एवढं रक्त जाणारच. दुर्बिणीची तपासणी आईमुळे तुम्ही करूनच घ्या, डॉक्टरही तेच सांगतील, पण ती आता घाईची नाही. मी आज घरी जाऊन शांतपणे जेवणार आहे. तुम्हीही जेवा."

बाहेर पॅसेजमध्ये आल्यावर मी तेजलचा हात धरला आणि मोठ्याने म्हणाले, "तेजू, जंत आहेत गं! जंत!"

औषधांच्या खिडकीशी रांगेत उभी असलेली माणसं वळून बघायला लागली. एवढ्या आनंदाने हे वाक्य त्या इमारतीत आधी कुणी म्हटलं नसेल. तेजल रडत होती आणि एका हाताने व्हीलचेअर ढकलत होती, त्यामुळे आम्ही भिंतीला जाऊन धडकलो.

घरचे

कॅन्सर नाही म्हटल्यावर दिलीपच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. तो खुर्चीत मागे रेलला आणि संध्याकाळचा चहा त्याने दोनदा घेतला. पण माणूस संकटातून सुटला की त्याला आधीच्या चिंता पुन्हा सुचायला लागतात. दुसऱ्या दिवशी त्याच्या बहिणी भेटायला येणार होत्या, तर तो मला हळूच म्हणाला, "त्यांना ॲनिमिया सांगू या."

"ॲनिमिया तर आहेच. पण जंतांमुळे आहे."

"अगं, जंत म्हणू नकोस. लोकांना वाटेल आपण कसं राहतो."

"कसं राहतो?"

माझ्या सासूबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "जंत लहान पोरांना होतात. मोठ्या बाईला कुठून होतील? लॅबवाल्यांचं काहीतरी चुकलं असेल."

"आत्या, त्यांची अंडी मी डोळ्यांनी पाहिलीत."

"अगं बाई!" म्हणून त्यांनी पदर नाकाला लावला. पुढचे काही दिवस माझ्या हातचा चहा त्यांना नको असायचा, आत्ताच घेतला म्हणायच्या. मला लागलं, पण मी त्यांच्याशी भांडले नाही. मॅडमकडून नीट विचारून आले आणि त्यांना सांगितलं: हा जंत कपातून येत नाही, शिवल्याने येत नाही, मातीतून पायात शिरतो. त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून हाक आली, "सुनंदा, चहा टाकतेस ना?" तेवढ्यावर विषय संपला.

घरातल्या सगळ्यांचीही तपासणी करायची होती. दिलीप तयार होईना.

"मी बूट घालून कंपनीत जातो. मला कशाला?"

"रविवारी नर्सरीत पाणी सोडायला कोण येतं? बूट घालून येता का?"

डबी बाथरूमच्या खिडकीत बरेच दिवस तशीच राहिली. शेवटी एकदा त्याने ती पेपरात, मग पिशवीत, मग दुसऱ्या पिशवीत गुंडाळून नेली. रिपोर्ट चांगला आला तेव्हा दहावी पास झाल्यासारखा घरी आला. तेजलचाही चांगला होता.

माझं औषध म्हणजे काही गोळ्या, बस. ज्याच्या भीतीने आम्ही अर्धमेले झालो होतो त्याला गोळ्या पुरल्या. लोहाच्या गोळ्या मात्र पुष्कळ दिवस घ्याव्या लागल्या. त्यांनी शौच काळं होतं, पोट जड होतं. ते आधी कुणी सांगितलं नव्हतं म्हणून मी पुन्हा घाबरले आणि मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "काळं होणारच, घाबरू नका, गोळ्या सोडू नका." तुम्हालाही तेच सांगते. पुढे आतड्याची तपासणी केली, ती स्वच्छ निघाली. आणि एका सकाळी मी दुसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हा लक्षात आलं की मधे कुठे थांबलेच नाही.

दिलीप म्हणत होता, नर्सरी बंद कर, त्या मातीनेच तुला पाडलं. मी गुडघ्यापर्यंतचे गमबूट घेतले आणि कामावर गेले.

बायकांच्या डब्या

घरी सोडताना मॅडमनी मला एक प्रश्न विचारला होता. "तुमच्याबरोबर त्या मातीत आणखी कोण कोण असतं?"

मी त्यावर बरेच दिवस विचार करत होते. कलमांच्या हंगामात पेठकडच्या डोंगरातल्या बायका नर्सरीत कामाला येतात, शेजारच्या शेडमध्ये राहतात. शेडजवळ संडास नव्हता. सगळ्यांची जागा म्हणजे बांधापलीकडचा उतार, आणि पाऊस झाला की त्या उताराचं पाणी आमच्या वाफ्यांत. माझ्या पायांत जे शिरलं ते त्यांच्या पायांत शिरलं नसेल असं कसं म्हणणार?

कामावर परतल्यावर आधी मी तिथे संडास बांधायला घेतला. मग मॅडमशी बोलले. त्या म्हणाल्या, सगळ्यांचे नमुने एका सकाळी आणा, मी माझ्या हाताने बघते. डब्यांची पिशवी घेऊन मी शेडसमोर जाऊन बसले आणि कशात काय, कसं घ्यायचं ते समजावलं. बायका एकमेकींच्या पाठीमागे लपायला लागल्या.

"ताई, ही काय द्यायची वस्तू हाय का?" एक जण म्हणाली.

"डाक्तरीनबाई हे पाहून जेवंल का मग?"

"ती रोज जेवते. डबल जेवते," मी म्हणाले. "आणि तुमच्याआधी मी दिलंय. माझ्यात निघाले जंत."

ताईला जंत? त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. मग सोनाबाई नावाची म्हातारी पुढे आली. "आण इकडं. म्या देते. पोरींनो, जे रोज टाकून देतो ते कुनी मागतंय तर द्या ना!"

सोनाबाईच्या सुनेचं नाव यमुना. तिशीच्या आतली, दोन लेकरांची आई, गप्प राहणारी. त्या दिवशीही ती शेडच्या खांबाला टेकून बसली होती. मी डबी तिच्या हातात दिली तर सासू म्हणाली, "तिला रोग बीग काय नाय ताई. ती आळशी हाय. चार ट्रे उचलले की बसती. माझ्या लेकाचं नशीब." डबी घेताना यमुनेच्या हाताची नखं माझ्या नजरेत भरली. मधे खोलगट, चमच्यासारखी. माझीही तशी झाली होती.

निम्म्याहून जास्त बायकांच्या नमुन्यांत अंडी निघाली. यमुनेचं नाव सांगताना मॅडमचा आवाज पहिल्यांदाच खाली गेला. "सगळ्यांत जास्त अंडी हिची आहेत. हिचं रक्त आजच्या आज तपासा."

रक्त माझ्याहूनही कमी निघालं. मी तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. भरती करणाऱ्या डॉक्टर मुलीने विचारलं, "एवढे दिवस काम कशी करत होतीस?" यमुना म्हणाली, "बसत बसत."

रक्ताच्या पिशव्या चढल्या, गोळ्या झाल्या. लेकरांच्या शौचातही जंत निघाले, त्यांनाही औषध मिळालं. सोनाबाई रोज दवाखान्यात यायची, सुनेच्या पायाशी बसायची. माफी वगैरे काही मागितली नाही. फक्त एकदा, मी आत शिरत होते तेव्हा, तिला यमुनेच्या तळपायांच्या भेगांत तेल जिरवताना पाहिलं. मला बघून तिने हात थांबवला नाही.

काही आठवड्यांनी सगळ्यांची तपासणी पुन्हा केली. या वेळी डब्या मागायच्या आधीच तयार होत्या. कुणी पानात गुंडाळल्या नव्हत्या, कुणी पदराखाली घेतल्या नव्हत्या. रिपोर्ट घेऊन मी शेडवर गेले आणि एक एक वाचून दाखवला. यमुना रोपांचे ट्रे टेम्पोत चढवत होती. मी हाक मारल्यावर हात पुसत आली. ओठांवर रंग होता, श्वास सरळ चालत होता.

"यमुना, हा तुझा. अंडी नाहीत, जंत नाहीत. एकदम स्वच्छ."

तिने कागद घेतला, उलटा-सुलटा पाहिला आणि मला परत दिला.

"ताई, हा नको. पयला होता ना, जंतांचा, तो हाय का तुमच्याकडं?"

"आहे. पण तो कशाला? त्यातलं आता काही राहिलं नाही."

"तो द्या. त्याला ते प्लॅस्टिक लावतात ना, पावसानं भिजत नाय असं, ते लावून द्या. सुट्टीला गावाकडं जाईन तवा न्यायचा हाय."

"गावाकडे कुणाला दाखवणार आहेस?"

तिने सासूकडे एकदा पाहिलं. सोनाबाई खाली मान घालून पिशव्यांत माती भरत होती. मग यमुना माझ्याकडे वळली आणि सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सगळ्यांना. त्याच्यात लिव्हलंय ना ताई, मी आळशी नव्हते म्हून."